सायकलीचा ब्रेक : सैलपणा, आवाज आणि त्यांची कारणे

ग्रामीण विद्यार्थ्यांच्या शिक्षणात सायकलीचे स्थान काय आहे, हे या स्मरणिकेच्या वाचकांना वेगळे सांगण्याची गरज नाही. आपल्या बीड जिल्ह्यात वाडी, वस्ती आणि तांडा येथून माध्यमिक शाळेपर्यंतचे अंतर पायी तोडावे लागे, तेव्हा सातवी-आठवीनंतर अनेक मुलींची शाळा सुटत असे. राज्य शासनाच्या मानव विकास कार्यक्रमातून ग्रामीण भागातील इयत्ता आठवी ते बारावीच्या मुलींना सायकली मिळू लागल्या आणि हे अंतर काही प्रमाणात आटोक्यात आले. घरात एक सायकल आली की शाळा, दळण, दवाखाना आणि बाजार अशी चार कामे तिच्यावर होतात.

ही सायकल चालती राहावी म्हणून घरोघरी काळजी घेतली जाते. हवा भरली जाते, पंक्चर काढले जाते, चेनला तेल दिले जाते. ब्रेककडे मात्र फारसे लक्ष जात नाही. याचे कारण साधे आहे : हवा नसेल तर सायकल चालत नाही, चेन तुटली तर चालत नाही; ब्रेक नसला तरी ती चालते. म्हणूनच पुढच्या टायरवर चप्पल दाबून सायकल थांबवणारी मुले आपल्याला प्रत्येक गावात दिसतात. ब्रेक वाजतो म्हणून त्याच्या रबरावर तेलाचे थेंब सोडणारी मुलेही दिसतात. हा दुसरा प्रकार पहिल्यापेक्षा अधिक घातक आहे. त्याने आवाज बंद होतो, पण आवाजाबरोबर ब्रेकही बंद होतो.

ब्रेकच्या तक्रारी दोनच प्रकारच्या असतात : तो नीट लागत नाही, किंवा तो वाजतो. या दोन्हींवर आपल्याकडे एकच उपाय केला जातो, तो म्हणजे तार कसणे. आमचे म्हणणे असे की, तार कसणे हा अनेक उपायांपैकी एक आहे आणि तो क्रमाने बराच शेवटी येतो. सैलपणाला कारण असते, आवाजालाही कारण असते, आणि ते कारण साध्या निरीक्षणाने शोधता येते. प्रस्तुत लेखात हे शोधण्याची रीत आम्ही क्रमाने मांडत आहोत.

ब्रेक नेमके काय करतो?

चालत्या सायकलीत आणि तिच्यावरील माणसात गतिज ऊर्जा साठलेली असते. ब्रेक ती ऊर्जा नाहीशी करीत नाही. घर्षणाने तिचे उष्णतेत रूपांतर करतो. ब्रेकचे रबर रिमवर दाबले जाते, दोघेही तापतात आणि सायकल मंदावते.

हे आकड्यांत पाहू. मुलगी, दप्तर आणि सायकल मिळून ७० किलो वजन धरले आणि वेग ताशी १५ किलोमीटर धरला, तर गतिज ऊर्जा सुमारे ६०० ज्यूल होते. वेग ताशी ३० किलोमीटर झाला तर ती दुप्पट न होता चौपट, म्हणजे सुमारे २,४०० ज्यूल होते. कारण ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. आता उतार घेऊ. हीच सायकल १०० मीटर उंचीवरून खाली उतरली तर सुमारे ६८,६०० ज्यूल ऊर्जा मोकळी होते. त्यातील काही भाग वाऱ्याच्या आणि रस्त्याच्या विरोधात खर्च होतो. उरलेली सगळी ब्रेकने पचवावी लागते. सपाट रस्त्यावर एकदा थांबण्यासाठी लागणाऱ्या कामाच्या शंभर पटींहून ही रक्कम मोठी आहे.

म्हणूनच आपल्या जिल्ह्यात ब्रेकची परीक्षा दोन प्रकारे होते. पाटोदा, शिरूर कासार, धारूर या बालाघाटाच्या पट्ट्यात ती उतार घेतो. मांजरसुंब्याचा आणि धारूरचा घाट ज्यांनी सायकलीवर उतरला आहे, त्यांना तापलेल्या रिमचा वास परिचित असेल. गेवराई-माजलगावच्या गंगथडीत रस्ता सपाट असतो. तेथे परीक्षा घेते ती काळी माती. पावसाळ्यात ती टायर आणि ब्रेक यांच्या मध्ये थापली जाते, वाळली की खरकागदासारखी रबर घासते. ऊसतोडीच्या हंगामात दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर याच रस्त्यांनी जातात. ताशी १५ किलोमीटर वेगाने जाणारी सायकल एका सेकंदात ४ मीटर पुढे जाते. ब्रेक एक सेकंद उशिरा लागला, तर हे ४ मीटर कोठे मोजले जातील याचा विचार पालकांनी करावा.

थोडी पूर्वपीठिका

आज आपण जिला सायकल म्हणतो, त्या दोन समान चाकांच्या आणि चेनच्या सायकलीचा नमुना इंग्लंडमध्ये जॉन केम्प स्टार्ली यांनी १८८५ च्या सुमारास रूढ केला. १८८८ मध्ये डनलॉप यांनी हवेचा टायर आणला. त्याआधी आणि नंतरही काही काळ ब्रेक म्हणजे टायरवर वरून दाबला जाणारा चमच्यासारखा लोखंडी तुकडा असे. हवेच्या टायरला तो झिजवू लागला, तेव्हा दाब टायरवर न देता रिमवर देण्याची कल्पना पुढे आली. १८९६ मध्ये अर्नेस्ट बाउडेन यांनी लवचिक आवरणातून जाणाऱ्या तारेचे पेटंट घेतले. आज सायकल आणि मोटारसायकल यांत वापरली जाणारी ब्रेकची केबल ही त्याच तारेची वंशज आहे. चप्पल टायरवर दाबणारा मुलगा नकळत सव्वाशे वर्षांपूर्वी टाकून दिलेल्या चमचा-ब्रेककडे परत जात असतो.

आपल्या भागाशी सायकलीचा संबंध तितकाच जुना आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ मध्ये बेळगावात सायकलींचे दुकान काढले. पुढे लोखंडी नांगर आणि १९१० मध्ये वसलेली किर्लोस्करवाडी हा त्या उद्योगाचा विस्तार होय. स्वातंत्र्यानंतर १९५१ मध्ये सोनीपत येथे ॲटलस आणि १९५६ मध्ये लुधियाना येथे हीरो हे कारखाने निघाले. त्यांच्या काळ्या, उभ्या सायकलींनी मराठवाड्याची खेडी जोडली. या सायकलींना तार नव्हती. त्यांचा ब्रेक लोखंडी सळ्यांनी ओढला जाई. आजही अनेक घरांत ती सायकल उभी आहे. म्हणून दुरुस्तीचा विचार करताना प्रथम आपल्यासमोर कोणत्या जातीचा ब्रेक आहे, हे ओळखावे लागते.

ब्रेकचे चार प्रकार

सळईचा ब्रेक : मूठ दाबली की सळ्यांची साखळी वर उचलली जाते आणि नालेच्या आकाराच्या पट्टीवरील दोन रबरे रिमच्या आतल्या बाजूस खालून टेकतात. हा दणकट असतो, परंतु सळ्यांची लांबी अचूक असावी लागते.

कॅलिपर ब्रेक : स्वयंपाकघरातील सांडशीसारखे दोन हात एका खिळीवर फिरतात आणि रिमला दोन्ही बाजूंनी पकडतात. तार एका बाजूने ओढते.

व्ही-ब्रेक : दोन उंच हात फोर्कवरील वेगवेगळ्या खुंट्यांवर बसवलेले असतात. हात लांब असल्याने पकड अधिक जोरकस असते. नव्या सायकलींवर हा सर्रास दिसतो.

डिस्क ब्रेक : चाकाच्या मध्याशी एक पातळ पोलादी चकती असते आणि ती दोन लहान पॅडमध्ये दाबली जाते. चिखल तेथपर्यंत कमी पोचतो, हा त्याचा मोठा गुण.

मुठीची साक्ष

ब्रेक सैल का आहे याचे उत्तर बहुतेक वेळा मूठ दाबतानाच मिळते. सायकल उभी करून मूठ सावकाश दाबावी आणि पुढील चारपैकी काय जाणवते ते पाहावे.

पहिली स्थिती : मूठ सहज दाबली जाते आणि जवळजवळ हँडलला टेकते. येथे तार सैल आहे किंवा रबर झिजले आहे. रबराच्या अंगावर खाचा असतात. त्या पुसट झाल्या असतील तर रबर बदलावे. झिजलेल्या रबरावर तार कसत गेले, तर एके दिवशी रबराच्या आतील लोखंड रिमला लागते आणि रिम कापली जाते.

दुसरी स्थिती : मूठ जड लागते, जोर करावा लागतो आणि सोडल्यावर ती सावकाश परत येते. येथे दोष तारेच्या वाटेत आहे. आवरणात पाणी शिरून तार गंजली आहे, आवरण कोठेतरी मोडले आहे किंवा वळण फार तीव्र आहे. आपला जोर रबरापर्यंत पोचण्याआधीच वाटेत खर्च होतो. येथे तार कसून काहीही साधत नाही.

तिसरी स्थिती : मूठ हलकी आहे, रबर रिमला वेळेवर टेकतेही, पण सायकल थांबत नाही. येथे यंत्रणा ठीक असून दोष घर्षणात आहे. रिमवर तेल, ग्रीस किंवा ओल आहे, अथवा रबर जुने होऊन काचेसारखे चकचकीत आणि कडक झाले आहे. ही स्थिती सर्वांत फसवी असते, कारण दुकानदार मूठ दाबून पाहतो आणि ब्रेक चांगला आहे असे सांगतो.

चौथी स्थिती : रबर टेकल्यानंतरही मूठ लुसलुशीतपणे दबतच राहते. येथे रबर रिमवर पूर्ण बसलेले नाही, ब्रेकचे हात सैल आहेत किंवा तारेचे आवरण हलक्या प्रतीचे असून दाबाने आकसते.

या चार स्थिती ज्याला ओळखता येतात, त्याला निम्मी दुरुस्ती आली असे समजावे.

दुरुस्तीचा क्रम

दुरुस्ती चाकापासून सुरू करावी आणि मुठीपाशी संपवावी. उलट्या क्रमाने केलेले काम पुन्हा करावे लागते.

१. चाक : सायकल उलटी ठेवून चाक फिरवावे. रिम डावी-उजवीकडे डुलत असेल, ज्याला आपण चाक आउट झाले असे म्हणतो, तर प्रथम ते दुकानातून सरळ करून घ्यावे. रिम आणि रबर यांच्यात दोन्ही बाजूंना २ ते ३ मिलिमीटर अंतर ठेवायचे असते. रिमच तेवढी डुलत असेल तर कोणताही ब्रेक नीट बसवता येणार नाही. चाक दोन्ही बाजूंना समान अंतरावर बसले आहे का, हेही पाहावे. चेन कसण्यासाठी मागचे चाक मागे सरकवले असेल, तर मागच्या ब्रेकची रबरे रिमच्या योग्य जागी उरत नाहीत. म्हणून चेन कसली की मागचा ब्रेक पुन्हा तपासावा.

२. रिम : कोमट पाणी, भांड्यांचा साबण आणि स्वच्छ सुती फडके एवढे पुरे. साबणानंतर साध्या पाण्याने धुऊन रिम कोरडी पुसावी. रॉकेल किंवा डिझेल वापरू नये. ते मळ काढते, परंतु मागे तेलकट थर ठेवते. चेनला तेल देताना रिमवर फडके धरावे.

३. रबर : रबर काढून उजेडात पाहावे. त्यात वाळूचे कण किंवा धातूचे चकाकणारे तुकडे रुतलेले असतील तर ते टाचणीने टोकरून काढावेत. पृष्ठभाग चकचकीत झाला असेल तर सपाट फरशीवर पॉलिश पेपर ठेवून त्यावर रबर हलकेच घासावे. काळा, निस्तेज पृष्ठभाग दिसू लागला की थांबावे. तेल प्यालेले किंवा भेगाळलेले रबर घासून सुधारत नाही, ते बदलावे. नवे रबर साच्यात बसवताना साच्याचे बंद टोक कोठे येते हे पाहणे अत्यंत महत्त्वाचे आहे. ब्रेक लागताना रिम रबराला ज्या दिशेने ओढते, त्या दिशेला बंद टोक असावे. उलटे बसवल्यास ऐन उतारावर रबर साच्यातून निसटते.

४. रबराची जागा : रबर पूर्णपणे रिमवर टेकले पाहिजे. ते वर सरकले तर टायर कापते, खाली सरकले तर आऱ्यांकडे घसरते. नट कसताना रबर फिरते, म्हणून एका हाताने रबर धरून दुसऱ्या हाताने पाना फिरवावा.

५. तार : तारेचा एक धागा जरी तुटलेला दिसला तरी तार बदलावी. उरलेले धागे आज काम देतील, पण ज्या दिवशी जोराने ब्रेक दाबावा लागेल त्याच दिवशी ते तुटतील. नवी तार घालण्यापूर्वी आवरणाची टोके सपाट कापलेली आहेत का ते पाहावे. हँडल दोन्हीकडे वळवून तार कोठे ताणली जात नाही, याची खात्री करावी.

६. सांधे : ब्रेकचे हात ज्या खिळीवर किंवा खुंटीवर फिरतात तेथे थोडे ग्रीस किंवा तेलाचा एक थेंब द्यावा आणि ओघळ पुसून घ्यावा. व्ही-ब्रेकमध्ये एक रबर रिमला घासत राहत असेल, तर त्या हाताच्या बुडाशी असलेला लहान स्क्रू पाव फेरा आवळावा. स्प्रिंगचा ताण वाढून तो हात रिमपासून दूर होतो.

७. शेवटी ताण : हे सर्व झाल्यावर तार कसावी. मुठीचा साधारण तिसरा हिस्सा दाबला की रबर रिमला टेकावे, आणि पूर्ण जोर दिला तरी मूठ व हँडल यांच्यात दोन बोटे अंतर राहावे. बोटांची पोच लहान असलेल्या मुलांसाठी मूठ हँडलच्या जवळ आणण्याचा स्क्रू अनेक मुठींवर असतो. तो अवश्य वापरावा.

सळईच्या ब्रेकबाबत एक गोष्ट विशेष लक्षात ठेवावी. मुलगा उंच झाला म्हणून हँडल वर घेतले की पुढच्या ब्रेकच्या सळईची लांबी चुकते आणि ब्रेक बिघडतो. हँडल हलवले की सळईचा जोडही पुन्हा जुळवला पाहिजे.

चाचणी घेताना सायकलीजवळ उभे राहून पुढचा ब्रेक घट्ट दाबावा आणि सायकल पुढे ढकलावी. पुढचे चाक मुळीच फिरता कामा नये. मागचे चाक उचलले जाईल. मागचा ब्रेक दाबून ढकलल्यास मागचे चाक घसटत आले पाहिजे. त्यानंतर मैदानावर पायी चालण्याच्या वेगाने आणि मगच रस्त्यावर.

ब्रेक का वाजतो?

आवाजाचे कारण समजण्यासाठी वर्गातील खडू आठवावा. नवा, लांब खडू फळ्यावर सरळ धरून ओढला की अंगावर काटा आणणारी किंकाळी निघते. खडू फळ्याला क्षणभर चिकटतो, मग सुटतो, पुन्हा चिकटतो. हे एका सेकंदात शेकडो वेळा होते आणि त्या कंपनाचा आवाज होतो. खडू मोडून आखूड केला किंवा तिरपा धरला की आवाज थांबतो. ब्रेकचे रबर आणि रिम यांच्यात नेमके हेच घडते. रबर हा खडू आणि रिम हा फिरता फळा.

त्यामुळे किंकाळीवर उपाय दोन. पहिला, कंप पावणारे सैल भाग घट्ट करणे : ब्रेकचा मधला बोल्ट, रबराचे नट, हातांचे सांधे. दुसरा, रबराचा कोन बदलणे. चाक फिरताना रिमचा भाग रबराच्या मागच्या टोकाकडून शिरतो आणि पुढच्या टोकाकडून बाहेर पडतो. रबराचे पुढचे टोक रिमला आधी टेकावे आणि मागचे टोक सुमारे १ मिलिमीटर दूर राहावे, अशी मांडणी केली की बहुतेक आवाज बंद होतात. त्यासाठी रबराच्या मागच्या टोकाखाली जाड पुठ्ठ्याची चिंधोटी ठेवावी, मूठ दाबून धरावी, त्या स्थितीत नट आवळावा आणि पुठ्ठा काढून घ्यावा.

आवाजाची जातही ओळखावी. किंकाळी म्हणजे कोन किंवा सैलपणा. खरखर म्हणजे रबरात रुतलेली वाळू किंवा धातू. हा आवाज दुर्लक्षिला तर रिमवर चरे पडतात. चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला एकदा होणारा टक्-टक् आवाज म्हणजे रिमला बसलेला पोचा किंवा तिचा जोड. ब्रेक दाबताच हँडलमध्ये कट् असा धक्का जाणवला, तर हँडलचे बेअरिंग सैल झाले आहे. डिस्क ब्रेक वाजत असेल तर चकतीला हाताचे किंवा चेनचे तेल लागल्याची शक्यता अधिक. चकती स्पिरिटने पुसावी, तिला बोटे लावू नयेत, आणि उतार उतरल्यानंतर लगेच तर मुळीच नाही. ती भाजण्याइतकी तापलेली असते.

येथे एक भेद स्पष्ट केला पाहिजे. वाजणारा ब्रेक वाईट असतोच असे नाही आणि न वाजणारा चांगला असतोच असे नाही. आवाज ही सूचना आहे. सूचना देणाऱ्याला गप्प करणे आणि सूचनेचे कारण दूर करणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तेल घालणारा पहिली गोष्ट करतो.

घडीच्या सायकलीविषयी

आपले अनेक माजी विद्यार्थी नोकरीनिमित्त पुण्या-मुंबईत स्थायिक झाले आहेत. तेथे लहान घर, लिफ्ट आणि लोकलचा प्रवास यांमुळे घडीची, म्हणजे फोल्डिंग सायकल घेण्याकडे कल वाढत आहे. सुटीत ती गाडीच्या डिकीतून गावीही येते. ही कल्पना नवी नाही. दुसऱ्या महायुद्धात विमानातून उतरणाऱ्या सैनिकांसाठी इंग्लंडच्या बीएसए कंपनीने मध्ये बिजागऱ्या असलेली दुमडती सायकल बनवली होती. पुण्यातील विक्रम पेंडसे सायकल संग्रहालयात जुन्या सायकलींचा मोठा संग्रह आहे. जिज्ञासूंनी तो आवर्जून पाहावा. ब्रेकच्या अनेक पिढ्या तेथे एका छताखाली भेटतात.

घडीच्या सायकलीचा ब्रेक लवकर कुरकुरतो, त्याला तीन कारणे आहेत. पहिले कारण तार. हँडलचा उंच दांडा आणि मधली बिजागरी ओलांडून तिला मागच्या चाकापर्यंत जावे लागते. तार लांब, वळणे अधिक, आणि प्रत्येक घडीला ती पुन्हा वाकते. आवरण हलक्या प्रतीचे असेल तर दाबाने आकसते आणि मागचा ब्रेक लुसलुशीत लागतो. वर सांगितलेली चौथी स्थिती ती हीच. येथे चांगल्या प्रतीची, न आकसणारी केबल घालणे हा खरा उपाय होय. घडी घालताना आणि उघडताना तार बिजागरीत चिमटत नाही ना, हे पाहावे. जेथे ती वारंवार वाकते तेथे आवरण बोटाने चाचपून पाहावे. मोड तेथेच येते.

दुसरे कारण लहान चाक. २० इंची चाक एका फेऱ्यात सुमारे दीड मीटर जाते, तर जुन्या काळ्या सायकलीचे २८ इंची चाक सुमारे सव्वादोन मीटर जाते. म्हणजे तेवढ्याच अंतरात लहान रिमचा प्रत्येक भाग रबराखालून अधिक वेळा जातो. रिम लहान असल्याने तापतेही लवकर, आणि जमिनीच्या जवळ असल्याने धूळ-चिखल अधिक झेलते. अशा सायकलीची रिम व रबर दुप्पट दक्षतेने तपासावीत. बालाघाटाच्या लांब उतारावर मध्ये थांबून रिम निवू द्यावी.

तिसरे कारण बिजागरी. हँडलच्या दांड्याची आणि मधल्या सांध्याची कडी सैल असेल तर ब्रेक दाबताच सायकल थरथरते आणि दोष ब्रेकला दिला जातो. पुढचा ब्रेक दाबून सायकल मागे-पुढे हलवावी आणि एक हात सांध्यावर ठेवावा. हालचाल हाताला कळते. आधी कडी घट्ट करावी, मग ब्रेक पाहावा.

ऊन, पाऊस आणि ओझे

उत्तम ब्रेकलाही मर्यादा असतात. पोलादी, क्रोमची झिलई दिलेली रिम ओली झाली की तिच्यावरील पकड कितीतरी कमी होते. ॲल्युमिनियमच्या रिमवर हा परिणाम बराच सौम्य असतो. म्हणून पावसात थांबण्याच्या जागेच्या बऱ्याच आधी ब्रेक हलकेच लावून रिमवरील पाणी पुसून घ्यावे आणि मग जोर द्यावा. डबलसीट बसवले किंवा कॅरिअरला पाण्याचे कॅन बांधले की ब्रेकचे काम त्या वजनाच्या प्रमाणात वाढते. टंचाईच्या दिवसांत आपल्याकडे ३०-४० लिटर पाणी सायकलीवरून आणले जाते. ते ३०-४० किलो ओझे असते, हे उतारावर विसरू नये.

थांबताना शरीराचा भार पुढे झुकतो, म्हणून पुढचा ब्रेक अधिक प्रभावी असतो. तो एकटाच झटक्याने दाबला तर स्वार हँडलवरून पुढे फेकला जातो. या भीतीने काही मुले पुढचा ब्रेक काढून टाकतात, हे सर्वथा चुकीचे होय. दोन्ही मुठी एकत्र आणि क्रमाक्रमाने दाबाव्यात, उतारावर भार थोडा मागे घ्यावा, हे मुलांना मैदानावर शिकवता येते.

शाळेत काय करता येईल?

निवासी शाळेतील सायकल अनेकांची असते आणि म्हणून कोणाचीच नसते. यावर उपाय साधा आहे. प्रत्येक सायकलीला क्रमांक द्यावा, दर रविवारी आठवी-नववीच्या दोन विद्यार्थ्यांनी वरील चाचणी घ्यावी आणि वहीत तारीख, मुठीची स्थिती व केलेले काम लिहावे. साहित्य फार लागत नाही : दोन-तीन मापांचे पाने, एक पक्कड, पॉलिश पेपर, साबण, फडके, ग्रीसची डबी, काही तारा आणि रबरांच्या जोड्या. विज्ञानाच्या पुस्तकातील घर्षण, ऊर्जा आणि तरफ हे तिन्ही पाठ या एका कामात येतात. आई-वडील कारखान्याच्या पट्ट्यात ऊसतोडीला गेले असताना वसतिगृहात राहणाऱ्या मुला-मुलींच्या हाती हे कौशल्य आले, तर सुटीत गावी गेल्यावर ती घरची सायकलही तपासतील. मुलींना या कामातून वगळू नये; सायकल त्यांचीही आहे आणि रस्ताही.

माजी विद्यार्थ्यांना आमची विनंती आहे की, शाळेला भेट देताना शाल-श्रीफळाऐवजी ब्रेकच्या तारा आणि रबरांचा एक खोका आणावा, आणि शक्य असल्यास एक रविवार मुलांबरोबर पाना हाती घेऊन घालवावा.

स्वाध्याय

१. मूठ जड लागते व सावकाश परत येते. दोष कोठे आहे? येथे तार कसल्याने काय होईल?
२. वेग तिप्पट झाल्यास गतिज ऊर्जा किती पट होईल?
३. मागची चेन कसल्यानंतर मागचा ब्रेक का तपासावा?
४. खडूच्या उदाहरणाने ब्रेकच्या किंकाळीचे कारण स्पष्ट करा.
५. आपल्या घरच्या सायकलीची चाचणी घ्या. मुठीची स्थिती, रबराच्या खाचा, तारेचे धागे आणि रिमची स्वच्छता यांची नोंद करून ती पालकांना वाचून दाखवा.